चंदनाची नीडल

आमच्या लॅबमध्ये काहीतरी आहे, असं मी वडूजला घरी सांगितलं असतं, तर पप्पा आधी पोट धरून हसले असते आणि मग त्यांनी विचारलं असतं, "टेस्टर लावला का?" पप्पांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. त्यांच्या लेखी जगात दोनच जातींच्या वस्तू: करंट असलेल्या आणि करंट नसलेल्या. आमच्या घरात देव्हारा नाही. भिंतीवर दोन तसबिरी आहेत, त्यांच्यापुढे मेणबत्ती लागते, आणि नजर, शकुन, बाहेरची बाधा यांतलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. तेव्हा त्या नवरात्रात जे झालं ते मी टेस्टर लावूनच सांगते आहे. तरीही सांगताना हाताला घाम येतो, तो येतोच.

विश्रामबागेतल्या एका कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर आमची लॅब आहे. जिनदत्त मगदूम सर माझे गाइड. माझं पीएचडीचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि दिवाळीनंतर प्रबंधाचा सारांश, म्हणजे सिनॉप्सिस, द्यायचा होता.

काम काय ते सांगते, घाबरू नका. दोन रेणूंची टोकं एकमेकांना जोडायची. ती आपणहून जुळत नाहीत, मध्यस्थ लागतो. बहुतेक जण त्यासाठी पॅलेडियम वापरतात. तो धातू महाग, सोन्याच्या पंगतीला बसणारा. आम्ही त्याच्या जागी लोखंड बसवायला निघालो होतो. पण नुसतं लोखंड म्हणजे उनाड पोरगं, दिसेल त्याला चिकटतं आणि गंजून बसतं. म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना मोठमोठे रेणू जोडायचे, त्यांना लिगँड म्हणतात. एसटीच्या तिघांच्या बाकावर दोन्ही कडांना दोन भरभक्कम बायका बसल्या आणि मध्ये किडकिडीत पोरगं अडकलं, की त्याला हलता येत नाही आणि त्याच्यापर्यंत पोचायचं तर समोरूनच, तेही अंग चोरून. मग जे येतं ते नीट रांगेनं येतं. मी तीन वर्षं त्या बायका आणखी जाड करत होते, एवढंच माझं संशोधन.

आणि ते चालत होतं. बायकांसकट लोखंडाची माझी गर्द निळी पावडर, म्हणजे कॉम्प्लेक्स, चिमूटभर घालायची, फ्लास्क तेलात तापवायचा, दुपारपर्यंत पांढरे स्फटिक तयार. इतकं चांगलं चालायचं की बाकीचे माझ्यावर जळायचे.

आता नीडल. फ्लास्कमधलं मिश्रण ढवळायला आत एक पांढरा, गुळगुळीत, गोळीएवढा लोहचुंबक टाकतात. त्यावर टेफ्लॉनचं कवच असतं. खालच्या यंत्रातला चुंबक फिरला की हाही फिरतो. टोक नसलं तरी आम्ही त्याला नीडलच म्हणतो. माझ्याकडची नीडल चंदनाची होती.

चंदना म्हणजे सरांची भाची, त्यांच्या थोरल्या बहिणीची, गुणमालाकाकूंची एकुलती एक मुलगी. ती सरांकडेच लहानाची मोठी झाली आणि सरांची पहिली विद्यार्थिनी झाली. लोखंडाचा पहिला निळा कॉम्प्लेक्स तिनं केला. तो पेपर छापून आला आणि त्याच पावसाळ्यात ती डेंग्यूनं गेली. मी तिला पाहिलेलं नाही. दाराशी तिचा फोटो आहे, लॅब कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कुणीतरी हाक मारल्यावर वळून बघतात तसं बघणारी.

मी लॅबमध्ये आले त्या वर्षी सरांनी ती नीडल माझ्या तळहातावर ठेवली. "चंदनाची आहे. तुझ्याकडे असू दे," एवढंच म्हणाले. कवचाला एका बाजूला टवका उडालेला, त्यात राखाडी रेघ. त्या टवक्यामुळे ती फिरताना काचेला लागून टक, टक, टक असा आवाज करायची. साऱ्या मजल्याला तो आवाज माहीत होता. कँटीनचा माणूससुद्धा म्हणायचा, "आज चंदनाताई काम करतायत वाटतं." मी ते हसण्यावारी न्यायचे.

त्या नीडलचे लॅबमध्ये नेम होते. इतर नीडली आम्ही काम झालं की अम्लराजात बुडवायचो. अम्लराज म्हणजे दोन आम्लांचं असं मिश्रण की ज्यात सोनंसुद्धा विरघळतं. पण चंदनाच्या नीडलला आम्ल लावायचं नाही. ती साबणानं धुवायची आणि वर गाळलेलं पाणी. आमच्या नळाला पांढरं फडकं बांधलेलं असायचं, सरांच्या जैन घरची रीत. दुसरा नेम असा, की शकुनाची नीडल ब्लँकमध्ये घालायची नाही. ब्लँक म्हणजे मुद्दाम उत्प्रेरक न घालता केलेली क्रिया, काहीच होत नाही ना हे बघण्यासाठी. जिथून काही निघायचं नाही तिथं तिचा हात कशाला लावा, असं नाथाजी म्हणायचा. नाथाजी आमचा लॅब असिस्टंट. सगळे ब्लँक आम्ही नव्या कोऱ्या नीडलवर करत होतो. आणि ते ब्लँक नेहमी कोरे निघायचे. मी स्वतःला मोठी टेस्टरवाल्याची लेक समजते, पण मीही ते निमूटपणे पाळलं, कारण सगळेच पाळत होते.

मग पुण्याच्या एका लॅबमधून ईमेल आला. त्यांना माझा निळा कॉम्प्लेक्स वापरून बघायचा होता, मी पावडर पाठवली होती. त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या पद्धतीनं अगदी बारकाईनं केलं, चार वेळा केलं, काहीही होत नाही. भाषा अगदी सभ्य होती, त्यामुळेच जास्त लागली. मी सरांना दाखवला. सर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "त्यांचा नायट्रोजन ओला असेल." लोखंडाला हवा लागू नये म्हणून फ्लास्कवर नायट्रोजन सोडतात, त्यात ओल असली की लोखंड मरतं. मग सर चष्मा पुसत निघून गेले. सरांना मी कधी अर्धवट उत्तर देताना पाहिलं नव्हतं.

मला राग आला आणि रागाच्या भरात मला पप्पा आठवले. मी एक फ्लास्क लावला. त्यात सगळं घातलं, फक्त निळी पावडर घातली नाही. म्हणजे बाक रिकामा, पोरगं नाही, बायका नाहीत, कुणीच नाही. आणि ढवळायला चंदनाची नीडल टाकली.

टक, टक, टक.

दुपारी काचेच्या बारीक नळीनं थेंबभर मिश्रण काढून पट्टीवर टेकवलं, तिचं टोक द्रावकात बुडवून थेंब वर चढू दिला आणि ती दिव्याच्या काळ्या डब्यात सरकवली. या डब्याच्या वरच्या फटीला डोळे लावायचे, आत जांभळा उजेड पडतो, आणि आपला पदार्थ तयार झाला असेल तर त्याचा निळसर ठिपका चमकतो. मी डोळे लावले. ठिपका होता. चांगला ठसठशीत, रोजच्यासारखा.

मी स्पष्टच सांगते, मला भीती वाटली. बाहेर ऑक्टोबरचं रखरखीत ऊन, खिडकीखाली दोन रिक्षावाले भाड्यावरून भांडत होते, आणि माझ्या पाठीवर काटा आला. ज्या फ्लास्कात मी पावडर घातली नव्हती त्यात काम झालं होतं. मी डब्यावरून डोकं उचलायला धजत नव्हते, कारण मागे दाराशी तिचा फोटो होता.

मग पुढचे तीन दिवस हेच. घाण राहिली असेल म्हणून फ्लास्क बदलला. द्रावणाची नवी बाटली फोडली. नीडल साबणानं, मग ॲसिटोननं घासली. पुन्हा रिकामा बाक. पुन्हा ठिपका. मग नवी नीडल घेतली, रिकामा बाक: काही नाही. शेवटी छातीवर दगड ठेवून नव्या नीडलवर माझी निळी पावडर घातली, तीन वर्षांच्या कष्टाची. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. डब्यात काळोख.

करंट लोखंडात नव्हताच. करंट नीडलमध्ये होता.

कारण कळायला वेळ लागला नाही. सुरुवातीची वर्षं चंदना पॅलेडियमवर काम करत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. टवक्यातली ती राखाडी रेघ म्हणजे तिच्या हातचं पॅलेडियम, डोळ्याला दिसेल न दिसेल इतकं. एवढ्यानंही ही क्रिया होते, तो धातू तेवढा ताकदीचा आहे. आम्ल लावलं असतं तर पहिल्याच दिवशी निघून गेलं असतं. पण आम्ही तिला आम्ल लावलं नाही, आणि ब्लँकमध्ये घातलं नाही. दोन्ही नेम मायेपोटी केलेले, आणि दोन्हींनी मिळून माझा गळा धरला.

कारण कळलं की भीती जाते म्हणतात. माझी वाढली. तीन वर्षं ज्याला मी माझं काम म्हणत होते ते रोज सकाळी मेलेल्या पोरीनं केलं होतं. तिचा धातू, तिच्या हातानं तिथं गेलेला, अजून थकला नव्हता. मी वर उभी राहून घड्याळ बघत होते आणि खाली काचेत ती टक टक करत माझे रेणू जोडत होती. मी जेवायला गेले तरी, रविवारी वडूजला गेले तरी. हे विज्ञान आहे हे मला कळत होतं. रात्री खोलीत आवाज आठवला की काही कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. पूजा झाली की सरांना गाठायचं असं ठरवलं. पदवी गेली तर गेली, पण खोट्यावर सही करायची नाही, एवढं पक्कं होतं. तरी गाडी लावताना पप्पांचं दुकान डोळ्यांपुढे आलं. घरातली पहिली डॉक्टर होणार म्हणून पप्पांनी दुकानाच्या पाटीवर जागा सोडून ठेवली होती.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. नाथाजीनं पंप, वजनकाटे, ओव्हन सगळ्यांना हळदीकुंकवाची बोटं लावली होती, आम्लांच्या वाफा ओढून घेणाऱ्या धुराच्या कपाटाला झेंडूची माळ घातली होती. मी नेहमीप्रमाणे मागे हात बांधून उभी होते. तबकात विड्याच्या पानावर चंदनाची नीडल. गुणमालाकाकू दरवर्षी या दिवशी कवठेपिरानहून येतात. बारीक अंगाच्या, हातात कापडी पिशवी, बोलणं कमी. त्यांनी नीडलला कुंकवाचा टिपका लावला, तो फडक्यानं लगेच पुसला आणि ती मुठीत धरून डोळे मिटले. सगळे पेढे खाऊन पांगले. सर कुठं दिसेनात. मी खाली कट्ट्यावर दुपार कलेपर्यंत त्यांची वाट पाहिली, मग गाडीपाशी गेले, आणि हेल्मेट वरच राहिलं म्हणून परत आले.

मजला रिकामा होता. धुपाचा वास कोंडलेला. आणि आवाज येत होता.

टक, टक, टक.

मी माझ्या टेबलाकडे पाहिलं. माझं यंत्र बंद होतं, वायर काढलेली. आवाज वजनकाट्याच्या खोलीतून येत होता. ती खोली सुट्टीत कुलूपबंद असते. दाराची काच वर्तमानपत्रानं झाकलेली, तिच्या कडेनं पिवळा उजेड. फोटोतली चंदना माझ्या उजव्या हाताला होती आणि मी तिच्याकडे न बघता पुढं गेले, हे मला नीट आठवतं. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ते बोटानं ढकललं.

आत सर आणि काकू शेजारी शेजारी स्टुलांवर बसले होते, रुग्णाच्या उशाशी बसतात तसे. समोर तेलात फ्लास्क, वर नायट्रोजनचा फुगा मलूल झालेला. मग काकू म्हणाल्या,

"आली का रं, जिनू?"

सरांनी पट्टी काळ्या डब्यात सरकवली. काकू उठल्या, पदर खोचला आणि डब्यावर वाकून फटीला डोळे लावले. त्यांच्या गालावर जांभळा उजेड पडला. कितीतरी वेळ त्या तशाच राहिल्या.

"आली," त्या म्हणाल्या. "आली गं माजी बाय."

मी टेबलावर नजर फिरवली. बाटल्या सगळ्या होत्या. निळ्या पावडरीची कुपी नव्हती. कपाटात माझ्या खणातच होती ती, आणि त्या खणाची किल्ली माझ्या खिशात. सरांनी फ्लास्कात निळी पावडर घातलीच नव्हती. ती घालायला लागत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"सर," मी म्हणाले.

सरांनी वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. चोरी पकडलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा नाही, दमलेल्या माणसाचा. त्यानं माझा राग कमी झाला नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

"नीलिमा, बस."

"बसत नाही. माझी तीन वर्षं गेली, सर! पुण्याचे लोक मला खोटी म्हणतायत आणि तुम्ही ओला नायट्रोजन सांगता?"

"तुला दिली तेव्हा माहीत नव्हतं," सर हळू आवाजात म्हणाले. "गेल्या खंडेनवमीला अक्का आली होती. तिला चंदनाची क्रिया दाखवायची म्हणून मी दरवर्षीसारखा फ्लास्क लावला, आणि पावडर घालायलाच विसरलो. तरी ठिपका आला. तेव्हा कळलं. तोवर तुझी दोन वर्षं त्यात गेली होती. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. मग तो आवाज यायचा."

"काय सांगायचं व्हतं?" काकूंनी विचारलं. त्या आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. "जिनू, ही पोरगी का रडतीया?"

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं. मग मीच सांगितलं, काकूंच्या पुढ्यात फरशीवर बसून. "काकू, ह्या नीडलला चंदनाताईच्या हातचा धातू चिकटून राहिलाय. त्योच सगळं काम करतोय. मी तीन वर्सं जे केलं ते माजं न्हाई. माज्या पावडरीत कायबी दम न्हाई."

"म्हंजी हिचं काम चंदना करतीया?" काकूंनी सरांकडे बघून विचारलं.

"व्हय, काकू," मीच म्हणाले.

"आणि हिला वाटतंय आपुनच केलं."

"व्हय."

काकू परत डब्याकडे बघायला लागल्या. नीडल काचेला लागतच होती, टक, टक. मला वाटलं, आता त्या म्हणतील की मग काय बिघडलं, करू दे की तिला. मी जर त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

"ह्यो धातू निघतुया का?"

"आम्लात टाकली की निघतो."

"अक्का," सर मध्येच म्हणाले. "धुतली तर काही उरणार नाही. तिचा लोखंडाचा पेपरही ह्याच नीडलवर झालाय. तोही परत घ्यावा लागेल. तिच्या नावावर तेवढंच आहे गं."

काकू डब्यापासून वळल्या. मग त्यांनी दाराबाहेर, नळाला बांधलेल्या फडक्याकडे बोट दाखवलं.

"पाणी गाळल्यावर फडक्यावर जे ऱ्हातंय त्येचं काय करतो आपुन?"

सर लहान मुलासारखं म्हणाले, "जिवाणी. ज्या विहिरीचं पाणी, त्या विहिरीत परत सोडायची."

"का?"

"फडक्यावर जीव असतात. वाळले तर मरतात."

"मग?" काकू म्हणाल्या. "मी इतकी वर्सं हिला फडक्यावरच वाळत घातलीया न्हवं? वर्साला येती, आली का म्हणती, आणि परत फडक्यावर टाकून जाती. आणि त्येच्यापायी ह्या दुसऱ्याच्या लेकीचं पानी सुकलं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ऊठ, बाय. धू."

मी धुराच्या कपाटात अम्लराज तयार केलं. काकूंना गॉगल घातला, हातमोजे घातले, ते त्यांना ढगळ झाले. नीडल चिमट्यात धरून त्यांनी स्वतःच आत सोडली. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग त्या टवक्यातून केसाएवढी तपकिरी रेघ निघाली, पिवळ्या आम्लात वर आली, वळली, पसरली आणि दिसेनाशी झाली. काकूंचे ओठ हलत होते, णमोकार मंत्र म्हणत असाव्यात. मला एवढी साधी गोष्ट बघवत नव्हती. हे रसायन मी शंभर वेळा केलेलं आहे आणि तरी मला वाटत होतं की मी कुणाला तरी मारते आहे.

"ह्ये पानी आता कुटं टाकनार?" काकूंनी विचारलं.

टाकत नाही, मी सांगितलं. पॅलेडियमचं उरलंसुरलं आम्ही एका तपकिरी बाटलीत साठवतो. भरली की त्यातून धातू परत काढतात आणि त्याची पुन्हा नवी पावडर करतात. चंदनाताईनं पहिल्यांदा जी वापरली तीही असल्याच बाटलीतून आलेली. काकूंनी मान हलवली. "म्हंजी तिची हीर हीच," त्या म्हणाल्या, आणि मी ते बाटलीत ओतलं तेव्हा बाटलीला हात लावून उभ्या राहिल्या. मग त्यांनी खिडकीतून ऊन बघितलं. दिवस मावळायच्या आत घरी पोचून जेवायचं होतं, त्या सूर्य बुडाल्यावर जेवत नाहीत. पिशवी उचलून त्या गेल्या, आणि सर त्यांना सोडायला.

दसरा झाल्यावर त्या पुन्हा आल्या, न बोलावता. मीच वजनकाट्याच्या खोलीत फ्लास्क लावला, रिकाम्या बाकाचा, आणि धुतलेली नीडल टाकली. ती आता दुधासारखी पांढरी दिसत होती. टवका मात्र तसाच होता, त्यामुळे आवाजही तसाच.

टक, टक, टक.

या वेळी सर आले नाहीत. आम्ही दोघीच बसलो. फुगा हळूहळू लहान झाला. दुपार कलल्यावर मी पट्टी घेतली, डब्यात सरकवली आणि आधी स्वतः डोळे लावले.

"आली का?" काकूंनी मागून विचारलं.

आत जांभळा काळोख होता. मी पट्टी वरखाली करून पाहिली. या एका उत्तरासाठी मी सगळं केलं होतं, हेच उत्तर मला हवं होतं, आणि ते तोंडातून निघेना.

"न्हाई, काकू."

त्या उठून आल्या आणि फटीला डोळे लावून बघत राहिल्या. मी त्यांना किती वेळ बघू दिलं ते मला ठाऊक नाही.

"अंधारच हाय की," शेवटी त्या म्हणाल्या. मग फ्लास्ककडे बघून, "पर वाजतीया अजून."

"व्हय. वाजनारच ती."

"वाजू दे," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे तुज्याकडं."

सरांनी चंदनाचा पेपर परत घेतला. पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, चूक कशी झाली ते जसंच्या तसं, नेमांसकट. मला पाठवण्याआधी दाखवलं. त्यांच्याशी मी अजून नीट बोलत नाही, कामापुरतंच बोलते. मला मुदत वाढवून मिळाली. पप्पांना सगळं सांगितल्यावर ते हसले नाहीत. "म्हंजी टेस्टर लावलास," एवढंच म्हणाले, आणि पाटीवरची जागा तशीच ठेवली.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लोखंड तेच, बायका बदलल्या. एकीचा हात आखूड केला, दुसरीला जरा पुढं सरकवलं, म्हणजे पोराला श्वास घ्यायला जागा राहील. हिवाळाभर डब्यात काळोखच होता. मग एका दुपारी, उन्हाळा लागल्यावर, पट्टीवर काहीतरी दिसलं. फिकट, अगदी फिकट, डोळे बारीक केले तर दिसेल न दिसेल असा निळसर डाग.

मी आनंदानं उडी मारली नाही. मी ब्लँक लावला. त्याच आम्लात धुतलेल्या चंदनाच्या नीडलवर, रिकामा बाक. माझ्यासाठी तो कोराच निघायला हवा होता. ठिपका दिसला तर पुन्हा सगळं पाण्यात. आणि तरी डब्यावर वाकताना, खरं सांगते, मला वाटून गेलं की दिसावी. एकदा दिसावी. मी फटीला डोळे लावले आणि मागं वळून दाराकडे बघायचं टाळलं.

काही नव्हतं.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन काकूंना फोन लावला. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"काकू, तुमची न्हाई आली."

"व्हय," त्या म्हणाल्या. "आणि तुजी?"

"आली. लय बारीक हाय."

आत लॅबमध्ये मी यंत्र बंद करायचं विसरले होते, आणि ते टक टक फोनमधून त्यांनाही ऐकू जात असावं.

"बारीक तर बारीक," काकू म्हणाल्या. "नीडल धुऊन ठेव, बाय."